शुद्धीतली पहिली वरात

माझ्या लग्नात बँड वाजला तो माझ्या सासऱ्यांचाच. नाशिकहून कळवणपर्यंत टेम्पो भरून त्यांनी माणसं आणली होती. मुलाचा बाप म्हणून त्यांनी फेटा बांधून मांडवात बसायचं, पाहुण्यांना हात जोडायचे. ते सोडून ते स्वतःच क्लॅरोनेट घेऊन वरातीच्या पुढे उभे राहिले. माझ्या वडिलांना ते रुचलं नाही. "व्याही वाजवतोय आणि आपली माणसं नाचतायत, बरं दिसतं का हे?" असं ते आईला म्हणाले. आई म्हणाली, "वाजवू द्या हो. वाजवतात कसं ते तरी ऐका."

ऐकण्यासारखंच होतं. मी आत मुंडावळ्या बांधून बसलेली, आणि बाहेरून तो सूर असा आला की लग्न माझंच आहे हे मी घटकाभर विसरले. निघायच्या वेळी मात्र सासरे कुठे दिसेनात. पाया पडायचं म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा ते टेम्पोत ढोलाला टेकून गाढ झोपलेले सापडले. "दमलेत," सासूबाई म्हणाल्या. मीही तेच समजले.

ही नव्वदीच्या मधल्या वर्षांची गोष्ट. पंचवटीत आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओटा. घरात सासूबाई, सासरे, हे आणि मी. हे सातपूरच्या एका कारखान्यात पाळीत कामाला. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायचे. गावाला मात्र ते मास्तर, कारण बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो तो मास्तर. बाकी सगळे त्याच्या फुंकरीमागे चालतात.

मामंजी पितात हे मला आठवड्याभरात कळलं. किती पितात हे कळायला एक उन्हाळा जावा लागला. घरात आरडाओरडा नाही, हात उगारणं नाही, शिवी नाही. उलट दोन घोट पोटात गेले की ते मोठे गोड बोलायचे. म्हणूनच घराबाहेर त्याला कोणी व्यसन म्हणत नव्हतं. "कलावंत माणूस, चालायचंच," असं शेजारीपाजारी म्हणत. लग्नघरची मंडळी सुपारीबरोबर बाटलीही द्यायची. तो बँडवाल्यांचा मानच समजला जाई. पण सकाळी मी चहा घेऊन गेले की मामंजी कप हातात घेत नसत. "ठेव तिथं," म्हणत. मी पाठ फिरवली की कपाटामागची बाटली निघायची. जरा वेळानं हातांचं कापणं थांबायचं आणि मग ते चहा प्यायचे. सकाळच्या त्या घोटाला ते "बोटांचं तेल" म्हणायचे. शिलाई मशीनला लागतं तसं बोटांनाही लागतं, असा त्यांचा हिशेब.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात ते तेलही पुरेना. घोटीला एका तांदळाच्या व्यापाऱ्याकडे लग्न होतं. तिथं जे झालं ते आम्हाला ताशेवाल्या काकांनी सांगितलं. हे काका म्हणजे मामंजींचे लहानपणापासूनचे दोस्त. बँडमध्ये ताशा वाजवायचे आणि बँडबाहेर मामंजींच्या शेजारी बसून प्यायचे. ऐन रंगात आलेल्या मिरवणुकीत मामंजींची बोटं अडली आणि सूर फाटला. त्यांनी परत सुरुवात केली, परत फाटला. नाचणारी पोरं थांबली. कोणीतरी ओरडलं, "मास्तरला बसवा रे बाजूला, नुसता ढोल वाजवा." आणि खरोखरच नुसत्या ढोल-ताशावर नवरदेव मांडवात गेला. मामंजी सगळ्यांच्या मागून, क्लॅरोनेट काखेत धरून चालत राहिले.

"लय वाईट वाटलं वहिनी," काका सासूबाईंना म्हणाले. "मला वाजवता येईना. डोळ्यांपुढं सारखं तेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेले. रामकुंडात बुडी मारून ओल्या अंगानं घरी आले, कपाटामागची बाटली काढली आणि सगळ्यांच्या देखत मोरीत उपडी केली. "आजपासून थेंब नाही. गंगेची आण."

आमच्या आनंदाला पारावार उरला नाही. यांनी पेढे आणले. सासूबाईंनी सणवार नसताना पुरण घातलं. मामंजींनी मात्र एक घास खाल्ला आणि ताट सारलं.

दुसऱ्या दिवशी ते घामानं थबथबले होते. पोटात पाणी ठरेना. नुसते हातच नाही, सगळं अंग कापत होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाहेर पडतेय दारू, पडू द्या." दुपारी ते भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागले. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. मग ते मरून गेलेल्या एका ढोलवाल्याशी बोलायला लागले, त्याला चाल समजावून सांगायला लागले. ओट्यावर माणसं जमली. "बाहेरचं आहे, लिंबू उतरवा," कोणीतरी म्हणालं आणि कोणीतरी लिंबू आणायला धावलंही. तेवढ्यात मामंजींचे डोळे वर गेले, दातखीळ बसली आणि अंगाला जोरजोरात झटके यायला लागले. यांनी त्यांना कुशीवर वळवलं, मी रिक्षा आणली, आणि झटके थांबताच आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "शेवटची दारू कधी घेतली?"

हे छाती काढून म्हणाले, "परवा रात्रीपासून थेंब नाही!"

"म्हणूनच झालंय हे," डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरांनी समजावलं: वर्षानुवर्षं रोज दारू मिळाली की मेंदूला आणि शरीराला तिची सवय होते. ती एका दिवसात तोडली तर शरीर बिथरतं. घाम, कापरं, भास, झटके. कधीकधी माणूस दगावतोही. ते ऐकून हे औषधं आणायला पळाले, सासूबाई पदर तोंडाला लावून भिंतीशी बसल्या. डॉक्टर पुढे जे बोलले ते ऐकायला मी एकटीच उभी होते. "याचा अर्थ सोडू नका असा नाही हं. सोडायलाच हवी. पण एकट्यानं, घरी, अचानक नाही. बरे झाले की मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटा. ठरवून, औषधांच्या आधारानं सोडता येते."

पण माझ्या बोलण्याकडे तेव्हा कोणाचं लक्ष असणार? घरी पोचली ती अर्धीच गोष्ट. "डॉक्टरच म्हणाले, सोडली तर जीवाला धोका." भाऊबंदांत हेच पसरलं. आणि मामंजी घरी आल्यावर चार दिवसांनी ताशेवाले काका मोठ्या मायेनं छोटी बाटली घेऊन आले. "औषध म्हणून घे," म्हणाले. मामंजींनी घेतली. पिताना त्यांच्या चेहऱ्यावर मजा अजिबात नव्हती. कडू काढा घेताना मूल करतं तसे डोळे मिटलेले होते.

मग माझ्या नणंदबाई आल्या. त्यांनी वर्तमानपत्रातली जाहिरात बघून एक पुडी मागवली होती. पिणाऱ्याला न सांगता भाजीत कालवून द्यायची, की दारूची शिसारी बसते म्हणे. पुडी माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "स्वयंपाक तूच करतेस. कोणाला कळणार नाही."

मला ते पटेना. जे औषध माझ्या माहेरच्या गाईलाही मी विचारल्याशिवाय दिलं नसतं, ते चांगल्या शहाण्या माणसाच्या ताटात कसं कालवू? नणंदबाई गेल्यावर मी ती पुडी मामंजींच्या समोर नेऊन ठेवली आणि काय आहे ते सांगितलं.

त्यांनी पुडी उचलून बोटांत फिरवली. मग म्हणाले, "तू सांगितलंस मला. दुसऱ्या कोणी गुपचूप घातली असती."

"मामंजी, आणखी एक सांगायचंय. डॉक्टर 'सोडू नका' असं म्हणालेच नव्हते." आणि मी त्यांना उरलेलं अर्धं सांगितलं.

"म्हणजे सोडून मरत नाही माणूस?"

"एकट्यानं, एकदम सोडली तर धोका. ठरवून सोडली तर नाही, असं म्हणाले."

ते उठून ओट्यावर गेले, परत आले. "तू येशील माझ्याबरोबर? बाकीच्यांची माझ्यासाठी एकेकदा कंबर बांधून झालीय गं पोरी. तुझी सासू तर किती वेळा. थकलीत माणसं. त्यांना परत आशा लावायची मला हिंमत होत नाही. तू नवी आहेस."

मी म्हटलं, "येते की."

मानसोपचाराचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर, हीच तेव्हा सगळ्यांची समजूत. सासूबाईंनी तर डोक्याला हात लावला. मामंजी म्हणाले, "अगं, जन्मभर वरातीपुढं नाचणारे बघितलेत मी. मला वेड्यांचं काय नवं?" त्यांच्या तोंडून त्या आठवड्यातला तो पहिला विनोद.

डॉक्टर बाई होत्या. पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, आवाज एकदम संथ. मामंजींनी बसल्या बसल्या हात जोडले. "बाई, तुम्ही म्हणाल तर आजच सोडतो."

"आज नाही," बाई म्हणाल्या.

मामंजी चमकले. त्यांना आजवर जो तो "आजच सोड" म्हणत आला होता. "आज नाही" म्हणणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं.

"आधी मला सांगा, मास्तर, तुमचं काम कधी कमी असतं?"

"आषाढ लागला की लग्नं बंद. मग तुळशीच्या लग्नापर्यंत मोकळेच. मधे गणपती तेवढे."

"मग आषाढात सोडू या. म्हणजे सनई-चौघड्याचे दिवस यायच्या आत तुम्हाला चार महिने मिळतील. आणि या वर्षी गणपतीत वाजवायचं नाही."

गणपतीत वाजवायचं नाही म्हटल्यावर मामंजींचा चेहरा उतरला. मिसरूड फुटल्यापासून त्यांनी एकही विसर्जन चुकवलं नव्हतं. पण त्यांनी मान हलवली.

बाईंनी मग जे प्रश्न विचारले ते मला अजून आठवतात, कारण त्यांत दोष देणारा एकही नव्हता. पहिला घोट कधी लागतो, शेवटचा कधी, सोबत कोण असतं, घरात कुठे ठेवता, कुठल्या रस्त्यानं गेलं की पाय वळतात, आधी कधी झटका आलाय का. मामंजी सगळं सांगत गेले. संध्याकाळी दिवेलागणीला सगळ्यात जास्त ओढ लागते, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. बाई म्हणाल्या, "तुम्हाला एकदा झटका येऊन गेलाय, त्यामुळं घरी सोडायची नाही. पाच-सहा दिवस दवाखान्यात राहायचं. तिथं गोळ्या देऊ, रोज थोड्या थोड्या कमी करत आणू. ताकदीची इंजेक्शनं देऊ. आणि तोपर्यंत आपल्या मनानं बंद करायची नाही. वाढवायचीही नाही. मधेच घाम, भास, झटके असं काही झालंच, तर सरळ दवाखाना गाठायचा."

"लिंबू नाही," मी म्हटलं. बाई हसल्या. त्यांना आम्ही आधीची हकीकत सांगितली होती.

निघताना मी पुडीबद्दल विचारलं. "फेकून द्या," त्या म्हणाल्या. "यांच्या नकळत यांना काहीही द्यायचं नाही. दारू हे सोडणार आहेत, तुम्ही नाही. तुम्ही नुसतं सोबत राहायचं. पण सोबत राहायचं म्हणजे प्रत्येकाला काहीतरी काम हवं. घरी बसून ठरवा."

आम्ही ओट्यावर बसून ठरवलं. मामंजींनी स्वतः ताशेवाल्या काकांनाही बोलावून घेतलं. यांनी कारखान्यात बोलून दवाखान्याच्या दिवसांपुरती रजा घ्यायची, रात्री तिथं झोपायला यांनीच जायचं. घरी आल्यावर गोळ्या सासूबाईंच्या ताब्यात. त्यांनी डॉक्टर बाईंच्या सांगण्याप्रमाणं मोजून द्यायच्या. दिवेलागणीची वेळ माझी.

काका जवळ सरकून बसले. मग म्हणाले, "माझं काय? मीच तर तुझा बसायचा जोडीदार. मी येतच नाय तुझ्याकडं, म्हणशील तर."

मामंजी म्हणाले, "यायचं बंद करू नको. पिऊन आलास तर मात्र दारातूनच परत पाठवीन. आणि एक काम आहे तुझ्याकडे. लग्नघरी बाटलीचं तू बोलायचं. माझ्यापर्यंत ती पोचायलाच नको."

काकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "बोललो समज."

आषाढ लागल्यावर आम्ही मामंजींना दवाखान्यात नेलं. मी फार घाबरले होते. मागचं सगळं डोळ्यांपुढे होतं. पण या वेळी तसलं काही झालं नाही. पहिले दोन दिवस ते कापले, घामेजले, कुरकुरले, मग गोळ्यांनी गाढ झोपले. नर्स येऊन नाडी बघायची, रक्तदाब बघायची. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर ते उशीला टेकून बसले होते. भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ, एक मुंगी नाही!" आणि डब्यातली भाकरी त्यांनी सगळी खाल्ली, वर विचारलं, "एवढीच?"

घरी आल्यावर सासूबाईंचं एक वेगळंच रूप मला बघायला मिळालं. इतकी वर्षं त्यांना रडण्याशिवाय करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आता हातात काम आलं. त्या गोळी द्यायच्या, समोर उभं राहून गिळायला लावायच्या, "तोंड उघडा" म्हणून बघायच्या. मामंजी म्हणायचे, "फौजदार बरा." डॉक्टर बाईंच्या सांगण्याप्रमाणं गोळ्या कमी होत होत बंद झाल्या, त्या दिवशी सासूबाईंना चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग त्या दूध-अंड्यांच्या मागे लागल्या.

दिवेलागणीचं काम अवघड होतं. त्या वेळी मामंजी पिंजऱ्यातल्यासारखे खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारायचे. गप्पा संपल्या, पत्ते झाले, भाजी निवडून झाली. शेवटी मी म्हटलं, "मामंजी, मला क्लॅरोनेट शिकवा."

ते थांबले. बँडवाल्यांच्या घरात सुनेनं वाद्याला हात लावल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. त्यांचे हात अजून थोडे कापत होते, स्वतः वाजवायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी पेटी उघडली, वाद्य जोडलं, तोंडाशी बसते ती वेताची पातळ पत्ती पाण्यानं ओली केली, माझी बोटं एकेका भोकावर बसवली. "फुंकू नको. श्वास सोड. खालचा ओठ दातांवर घे." मी श्वास सोडला आणि असा काही आवाज निघाला की गल्लीतली कुत्री एका सुरात उत्तर द्यायला लागली. शेजारच्या काकू ओट्यावर येऊन म्हणाल्या, "कोणाला लागलं का हो?" मामंजी हसून हसून लोळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ती संध्याकाळ कशी गेली कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या आत त्यांनी स्वतःच पेटी काढून ठेवली होती.

मला वाजवायला काही फारसं आलं नाही. एक आरती कशीबशी बसली, ती देवालाही ओळखू आली असेल की नाही कोण जाणे. पण मला दाखवता दाखवता मामंजी कधी क्लॅरोनेट आपल्या ओठांना लावायला लागले ते दोघांनाही कळलं नाही. आठवड्याला एकदा आम्ही बाईंकडे जायचो. त्यांच्याकडे दारू सोडलेल्यांची बैठक बसायची, तिथं मामंजी आधी मुकाट बसायचे, मग बोलायला लागले. एकदा येताना म्हणाले, "तिथं एक वकील आहे आणि एक भाजीवाला. दोघांचीही दिवेलागण माझ्यासारखीच."

गणपती आले. विसर्जनाच्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिरवणुका सुरू झाल्या. मामंजी घरात बसेनात. ओट्याच्या खांबाला धरून उभे राहिले. त्यांचाच बँड आला, त्यांच्या जागी दुसरा क्लॅरोनेटवाला. ताशेवाल्या काकांनी लांबून मान झुकवली. मी मामंजींच्या शेजारी जाऊन उभी राहिले. बँड पुढे गेल्यावर ते म्हणाले, "पत्ती जुनी झालीय त्याची. ओली करून घेत नाही. सांगायला हवं." आणि आत येऊन त्यांनी सासूबाईंकडे मोदक मागितला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्या रात्री आमच्या घरात सगळे शांत झोपले.

दसऱ्याच्या सकाळी सासूबाईंनी मामंजींचा चहा मुद्दाम काठोकाठ ओतला. बशी दिली नाही. मामंजींनी तो कप उचलला, तोंडाशी नेला. थेंब सांडला नाही. हे कामावर जायला निघालेले, चपला घालायच्या विसरून तसेच उभे राहिले.

तुळशीचं लग्न झालं आणि पहिली सुपारी आली ती पिंपळगाव बसवंतची. कांद्याच्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या मुलाचं लग्न, गोरज मुहूर्त. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, पहिल्या लग्नाला घरचं माणूस सोबत असू द्या, आणि जमत नाहीसं वाटलं तर मधूनच निघून यायची मोकळीक ठेवा. म्हणून हे आणि मी बँडच्या टेम्पोतून गेलो. वाजवणाऱ्यांच्या टेम्पोत बाई बसलेली बघून पोरं आधी संकोचली, मग मला ढोलावर बसायला जागा करून दिली.

काका आमच्या आधी जाऊन मालकाशी बोलून आले होते. "बाटली नाय पाहिजे. मास्तरांना जिलबी द्या, दूध द्या, काय बी द्या." मालकांनी बरं म्हटलं होतं. पण लग्नात मालकाचं कोण ऐकतं? मारुतीच्या देवळासमोर नवरदेव घोड्यावर बसला आणि बँड सुरू व्हायच्या आधी नवरदेवाचा एक मित्र थंड पेयाची बाटली घेऊन मामंजींजवळ आला. वास लांबूनच येत होता. "मास्तर, आमच्या हातची एक घ्यावीच लागेल. त्याशिवाय तुमचा हात चालत नाही, आम्हाला माहितीय."

काका ताशाच्या कांड्या घेऊन मधे पडले. "ओ दादा, सांगितलंय ना..."

मामंजींनी त्यांना बाजूला केलं. ते त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आज नको बाबा. मी काय वाजवतो ते आज माझं मला ऐकायचंय." आणि त्यांनी पत्ती जिभेवर ओली केली.

सुरुवात त्यांनी हळू केली. मी त्यांच्या बोटांकडेच बघत होते. बोटं भोकांवर बसत होती, उचलत होती, परत बसत होती, पाण्यावर चालणाऱ्या किड्यासारखी हलकी. मग त्यांनी वेग धरला. काकांनी ताशावर पहिला खणखणीत ठोका दिला आणि सगळा बँड त्यांच्यामागे उसळला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं ओट्यांवर, गच्च्यांवर आली. द्राक्षांची छाटणी उरकून आलेले बागाईतदार, फेटे सावरत, आधी नुसते टाळ्या देत होते, ते रस्त्यात उतरले. पोरांनी पुंगीची धून मागितली, ज्या धुनेवर रुमाल दातांत धरून जमिनीवर लोळायचं असतं ती. त्या धुनेला दमसास लागतो. घोटीला सूर फाटला होता तो तिथेच. मामंजींनी डोळे मिटले, मान मागे टाकली आणि तो लांब सूर धरला. धरला आणि धरूनच ठेवला. पोरं वाट बघत उभी, हात वर करून, कधी सुटतो म्हणून. सूर हलला नाही. मग त्यांनी तो असा काही खाली सोडला की सगळा रस्ता एकदम ओरडला. तो बाटलीवाला मुलगा सगळ्यात पुढे जमिनीवर पडून लोळत होता. हे माझ्या शेजारी उभे होते, डोळे पुसत होते आणि "धूळ फार आहे" म्हणत होते.

देवळापासून मांडवापर्यंत केवढासा तो रस्ता! पण मिरवणूक पोचेचना. भटजी स्वतः भर रस्त्यात येऊन हात जोडून ओरडले, "अहो मुहूर्त चाललाय!" व्यापाऱ्याची म्हातारी आई दारात आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिनं आधी नवरदेवाला ओवाळलं आणि मग पुढे येऊन मामंजींनाही ओवाळलं. "पोरा, लय दिवसांनी असं ऐकलं," म्हणाली. पन्नाशी उलटलेले मामंजी पोरासारखेच तिच्या पायांशी वाकले.

लग्न लागल्यावर आम्ही पंगतीत बसलो. मामंजींनी जिलबीचं ताट दोनदा भरून घेतलं. काका मला म्हणाले, "सूनबाई, एवढी वर्षं मी याच्या मागं वाजवतोय. आज मला पळायला लागलं."

त्यानंतर सगळं सरळ झालं असं नाही. पुढच्या वर्षी मामंजींचे थोरले भाऊ गेले, तेव्हा दहाव्याहून येताना ते प्यायले. पण बाईंनी तेही आधीच बोलून ठेवलं होतं: पाय घसरला तर लपवायचं नाही, त्याच दिवशी सांगायचं. मामंजी स्वतः पहिल्यांदा सासूबाईंना सांगायला आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाईंच्या दारात होतो. त्यांनी तपासलं, पुन्हा भरती व्हायची गरज नाही म्हणाल्या आणि बैठकीला नियमानं यायला सांगितलं. घरात कोणी टाकून बोललं नाही. त्यानंतर मात्र मामंजींनी दारूला हात लावल्याचं मला आठवत नाही. माझ्या दोन्ही मुलांना त्यांचे आजोबा शुद्धीतलेच ठाऊक आहेत. दोन हजार सालानंतर डीजे आला, बँडच्या सुपाऱ्या कमी झाल्या; तरी पिंपळगाव, निफाड, ओझरकडून "मास्तरच पाहिजेत" म्हणून निरोप यायचेच.

आणि एके दिवशी दुपारी ताशेवाले काका ओट्यावर येऊन बसले. मग मामंजींना म्हणाले, "तुझ्या त्या बाईंकडं मला नेशील का? सकाळी कांड्या धरवत नाय."

मामंजींनी आत जाऊन शर्ट घातला. मला म्हणाले, "चल, तूही. बाई तुला ओळखतात."

दवाखान्यात काकांना आत बोलावलं तेव्हा ते दारातच घुटमळले. बाईंनी विचारलं, "यांच्यासोबत कोण?"

"मी," मामंजी म्हणाले, आणि खुर्ची ओढून काकांच्या शेजारी बसले.